हाकेला ओ येत नाही

उधाण आलं की माझी उजवी टाच थंड पडते. डॉक्टरांना दाखवून झालं, त्यांनी चपला बदलायला सांगितलं, मी बदलल्याही. पण टाचेला चपलेशी काही घेणंदेणं नाही. तिला फक्त पुनवेची आणि अवसेची भरती कळते, आणि त्यातही आश्विनातली जास्त कळते. आज आश्विनातली पौर्णिमा आहे. दुपारी साडेबाराच्या सुमारास पाणी भरेल. सकाळपासून मी दोन मोजे चढवून बसले आहे आणि भर ऑक्टोबरच्या उकाड्यात पायाला घाम येण्याऐवजी काटा येतोय.

बसले आहे ती नागावात, आमच्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे नारळाच्या वाडीतलं एक दुमजली घर. खाली मालकांचं होमस्टे चालतं, वर आम्ही गेम बनवतो. बाहेरून लाकडी जिना आहे, त्याची खालून तिसरी पायरी ढिली आहे, आणि कुणीही वर यायला लागलं की ती आधी ओरडते. आज सुट्टी दिली आहे म्हणून ती गप्प आहे. चौदा खुर्च्या रिकाम्या, चौदा पडदे काळे. फक्त माझा चालू आहे.

आठ दिवसांनी आमचा गेम बाहेर पडणार आहे. तीन वर्षं चौदा माणसांनी त्यासाठी डोळे फोडले आहेत. आणि परवा मला त्यात एक भोक सापडलं. खेळ मध्येच बंद केला आणि नेमक्या चुकीच्या क्षणी बंद केला, तर पुन्हा उघडल्यावर खेळणाऱ्याचं आधीचं सगळं पुसलेलं असतं. महिनाभर खेळून बांधलेलं एका क्षणात सपाट. शंभरदा नीट चालतं, एकदा चालत नाही. असली भोकं सगळ्यांत वाईट. ती दिसतात तेव्हा दिसतात, नाहीतर तुम्हालाच वेडं ठरवतात.

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. दोन दिवस झाले. मला भीती वाटते आहे, आणि ती कसली हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती दहा वर्षांपूर्वीच्या याच दिवसांतली आहे.

काल अलिबागला गेले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पिवळं पडायला लागलंय. लोंब्या वाकल्या आहेत. कापणी आठ-दहा दिवसांवर. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, काय छान सोनेरी शेतं म्हणून. मला ते सोनेरी दिसत नाही. या दिवसांत भात दिसलं की मी नजर रस्त्यावरच ठेवते. पावसाळ्यात पीक गेलं तर निदान दुबार लावणी तरी करता येते. आता गेलं की गेलं. सगळं करून झालेलं असतं, राब भाजून झाला, लावणी झाली, तणाची बेणणी झाली, फक्त हातात यायचं बाकी असतं. भीती वाटायची ती या शेवटच्या आठ दिवसांचीच.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून. शेतं खारी. म्हणजे समुद्राची जमीन, आम्ही बांध घालून मागून घेतलेली. मागून घेतलेली कसली, हिसकावलेलीच, आणि समुद्र ते विसरत नाही. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध. त्याच्या बाहेर तिवरांचं रान, चिखल, त्यात उड्या मारणाऱ्या निवट्या. आत आमचं भात. भरतीला बांधावर उभं राहिलं की स्पष्ट दिसायचं, बाहेरचं पाणी आतल्या भातापेक्षा उंच असायचं. लहानपणी मी तिकडे बघायचंच टाळायचे. पाणी आपल्या डोक्याच्या वर उभं आहे आणि मधे नुसती माती आहे, हे ज्याला एकदा दिसलं त्याला नंतर घरात झोप कशी लागते, हे मला आजही कळलेलं नाही.

आणि त्या मातीत खेकडे. चिंबोऱ्या बांधात बिळं करतात. बाहेरून एक, आतून एक, आणि कधीतरी दोन्ही बिळं एकमेकांना भेटतात. मग उधाणात त्यातून पाणी सुरू होतं. आधी करंगळीएवढं. त्याला वेळेवर अडवलं नाही की तासाभरात बैलगाडी जाईल एवढी वाट होते, आणि मग तीन-तीन वर्षं त्या शेतात मीठ. म्हणून उधाणाच्या दिवशी घरटी एक माणूस बांधावर जायचा. आमच्याकडे त्याला जोळ म्हणतात. प्रत्येक घराला बांधाचा आपापला तुकडा नेमून दिलेला, आणि एकच काम, चालत राहायचं आणि बघत राहायचं.

मी शिकले अलिबागला, वसतिगृहात, मग मुंबईला. अंधेरीत एका कंपनीत सात वर्षं मोबाइलवरचे गेम बनवले. फळं फुटायची, फुगे उडायचे, रंगाला रंग जुळला की नाणी खळखळायची. बाबा गावात सांगायचे, "ती मोबाइलमधली कामां करते," आणि लोक आपापले बिघडलेले फोन आमच्या घरी आणून द्यायचे. हसू नका, दोन-चार मी दुरुस्तही केले.

त्या कंपनीत पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती. खेळणाऱ्याने पडद्याला बोट लावलं की त्याच क्षणी काहीतरी झालं पाहिजे. टिक वाजलं पाहिजे, बटण दबल्यासारखं दिसलं पाहिजे, फोन थरथरला पाहिजे. काम व्हायला वेळ लागला तरी चालेल, पण उत्तर लगेच हवं. उत्तर आलं नाही की माणसाला वाटतं पलीकडे कुणी नाही. तो दोनदा बोट मारतो, तीनदा मारतो आणि निघून जातो. मी हे इतकं चांगलं शिकले की माझ्या हाताखाली येणाऱ्यांना मीच शिकवायला लागले. इतकं चांगलं शिकले की माणसांकडूनही तीच अपेक्षा धरायला लागले.

मग तिशीच्या आसपास, फुगे फोडून कंटाळून, मी नोकरी सोडून गावी आले. स्वतःचा गेम करायचा होता, आमच्या बांधाचा. एक माणूस, एक बांध, चढतं पाणी, आणि भोकं बुजवत धावणं. ओटीवर संगणक मांडला. तो भाद्रपद होता. बाबांनी पंधरा दिवस बघितलं आणि मग म्हणाले, "बांधाचा खेळ करतंस ना? मग एक डाव बांधावर ये. माझा गुडघा नाय चालत आता. घरचा मानूस म्हणून तूच जा."

नाही कसं म्हणणार? मी फक्त विचारलं, भोक दिसलं तर काय करायचं.

"टाच रोवाची," बाबा म्हणाले. "टाच भोकात रोवाची आन हाक माराची. आन तितंच ऱ्हावाचा. पाय काढाचा नाय."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काहीतरी अचाट विचारलं होतं. "कशाला नाय येतील?" एवढंच म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली.

ती आश्विनातली पौर्णिमा होती. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. चिखलाला तो उकळल्यासारखा वास, कुजलेल्या पानांचा आणि मिठाचा. वारा पश्चिमेचा, खाडीवरून सरळ तोंडावर. बांधावर माणसं कमीच होती. पूर्वी म्हणे दर पन्नास पावलांवर एक असायचा. आता निम्मं गाव कारखान्यात नाहीतर मुंबईला, आणि सुट्टी कोण देतो उधाणाची? माझ्या उजवीकडे, लांब, आमच्या शेजारच्या शेताची जनीकाकू होती. दिसत नव्हती, मधे तिवरांचं वळण होतं. डावीकडे बाबांना उघाडीपाशी खुर्ची टाकून बसवलं होतं. पाणी सोडायची दारं असतात तिथे. मला दोन्हीकडे माणूस दिसत नव्हता. फक्त समोर बाहेरचं पाणी आणि पाठीमागे आतलं भात, आणि पाणी वर.

भोक मला आवाजाने सापडलं. कुणीतरी गुळण्या करतंय असा आवाज. आतल्या उताराला, गवताखाली, पाणी बुडबुडत होतं. मी टाच रोवली. पाणी गार होतं, त्या उन्हात इतकं गार की मी किंचाळले, आणि ती किंचाळी हीच माझी पहिली हाक झाली. मग नीट हाक मारली. "काकूऽऽ! भोक हाय गो!" मुंबईत सात वर्षं काढून माझ्या तोंडात ते शब्द अजून होते याचं मला त्या अवस्थेतही नवल वाटलं.

उत्तर आलं नाही.

पुन्हा हाक मारली. वारा तोंडावर, आवाज माझ्याच घशात परत येत होता. टाचेभोवतीची माती सुटत होती, ते कळत होतं. आधी टाच बसली होती, मग टाच सैल झाली, मग घोट्यापर्यंत पाय आत गेला. आतून कुणी ओढतंय असं वाटत होतं. तिसरी हाक, चौथी हाक. ओ नाही. मला वाटलं काकू घरी गेली. मला वाटलं बांधावर माझ्याशिवाय कुणीच नाही, आणि सगळी खाडी माझ्या एका पायाला लागून उभी आहे. किती वेळ थांबले? मला तेव्हा तास वाटला. नंतर हिशेब लावला तर दोन-तीन मिनिटं असतील.

मी पाय काढला आणि बाबांकडे पळत सुटले.

बाबांना घेऊन, त्यांच्या गुडघ्याच्या चालीने, उघाडीवरच्या दोघांना घेऊन परत आले तोवर बांध गेला होता. पाणी आत कोसळत होतं आणि पिवळं भात आडवं होत होतं, ओळीओळीने. त्या वाहत्या वाटेच्या पलीकडे जनीकाकू उभी होती. हातात रिकामी पाटी, कोपरापर्यंत चिखल. ती माझ्याकडे बघत होती. मधे पाणी, त्याचा एवढा आवाज की बोलणं शक्यच नव्हतं. बाबांनी विचारलं, कसा काय गेला. मी म्हणाले, "मी पोचले तेव्हा फुटलेलाच होता."

हे वाक्य मी त्या आठवड्यात निदान वीस लोकांना सांगितलं. दर वेळी जास्त सफाईने. लोक म्हणायचे, शिकलेली पोरगी बिचारी, पहिल्यांदाच बांधावर आली आणि हे झालं. बाबा तर माझीच समजूत घालायचे. मला जेवण जायचं नाही. काकू आली तर? काकू बोलली तर? ती समोरून येताना दिसली की मी गोठ्यामागून घरी यायचे. गेमवर बसायचे आणि बोटं चालायची नाहीत. ओटीवरून समोर शेत दिसायचं. खारं पाणी शिरलेलं भात आधी हिरवट काळं पडतं, मग करपतं. आठ दिवसांत कापायचं ते पीक उभ्या उभ्या जळताना मी ओटीवरून पाहिलं. आमचं गेलं त्याचं एवढं नाही. काकूचं गेलं. तिला दुसरा तुकडा नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर शेवटी गेले तिच्याकडे. शेतात होती, करपलेलं भात उपटत होती. पेंढा म्हणूनही उपयोग नव्हता, गुरं तोंड लावत नव्हती, पण जमीन मोकळी तर करायला हवी. मी पण उपटायला लागले. एक कोपरा उपटून झाल्यावर तीच म्हणाली, "मी आले तवा तू नव्हतीस गो."

मी मान खाली घालून उपटतच राहिले.

"आयकली व्हती मी तुजी हाक. पयलीच आयकली. पाटी डोईवर घेतली आन निंगाले. भोक इतकाच व्हता," तिने मनगटाला बोटांचा वेढा घातला. "पाटी वतली. पन एकल्या पाटीनं नाय थांबला. पाय असता तर थांबला असता."

"मग तू ओ का नाही दिलीस, काकू?" मी जवळजवळ ओरडलेच. "चार हाका मारल्या मी!"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रागावली नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं मला हे ठाऊक कसं नाही. "डोईवर चिखलाची पाटी घेऊन धावनारा ओ देतो काय? दम जातो त्याचा. हाकंला ओ नाय आली म्हंजे मानूस निंगाला, असा समजाचा. ओ देत बसला तो येनारा नसतो."

गावातल्या लहान पोरालाही जे माहीत असतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची गोष्टच नव्हती ती. बाबांनी टाच सांगितली, हाक सांगितली. गप्प येणारी माणसं सांगायची राहिली. आणि मी बटण दाबलं की टिक वाजायलाच पाहिजे अशा गावाहून आलेली.

"तू कुणाला सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"काय सांगू? भ्यालीस. मी नाय भ्याले काय?" आणि ती पुन्हा वाकून उपटायला लागली.

दोन वर्षं तिच्या शेतात भात झालं नाही. ती अलिबागच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. मी जायचे, भाजी घ्यायचे. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. बाबांना मी कधीच सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही माझ्या पहिल्याच दिवशी बांध फुटला याचं त्यांना वाईट वाटत होतं.

ओटीवरचा तो गेम मी त्या हिवाळ्यात मोडला आणि नव्याने मांडला. एका माणसाचा बांध असा काही प्रकारच नसतो, हे कळलं होतं. अनेक जण खेळतील, प्रत्येकाला बांधाचा तुकडा, प्रत्येकाला एक हाक. आणि हाकेच्या बटणाला उत्तर नाही. दाबा, काहीच होणार नाही. टिक नाही, थरथर नाही, समोरच्याने ऐकलं की नाही याची खूणही नाही. फक्त थांबायचं. पाय काढला तर भोक वाढतं, ठेवला तर कधीतरी वळणावरून कुणीतरी पाटी घेऊन येतं.

त्यावरून किती भांडणं झाली म्हणून सांगू! स्टुडिओ वाढला, दोनाचे सहा झाले, सहाचे चौदा झाले, छोटे-मोठे गेम करून झाले आणि शेवटी हा मोठा हातात घेतला. जो नवा येई तो पहिल्या दिवशी म्हणे, ताई, हे बटण चालत नाही. गेम बाजारात आणणारे परदेशातले लोक म्हणाले, निदान एक छोटा दिवा तरी लावा. मी हटले नाही. मालकीण म्हणून माझी ख्याती झाली, बाई हट्टी आहे पण तिला खेळ कळतो. खेळ कळत होता की नाही देव जाणे. मला ती दोन-तीन मिनिटं कळत होती.

आणि स्टुडिओची मालकीण झाले तसतसे हात कामातून सुटत गेले. आधी मी चित्रं काढायचे, मग ती दुसरं कुणी काढू लागलं. संगीत गेलं, कोड गेलं. बैठका राहिल्या. भीतीही बदलली. पूर्वी वाटायचं माझं चुकेल. आता वाटतं माझं चुकेल आणि चौदा जणांचं जाईल. सकाळी जिन्याची ती पायरी चौदा वेळा ओरडली की मी एकेक मोजते आणि चेहरा ठीकठाक करते. घाबरलेली मालकीण कुणाला हवी असते?

कोडचा एकच तुकडा मी स्वतःकडे ठेवला होता. ओटीवर लिहिलेला, खेळणाऱ्याची प्रगती साठवून ठेवणारा. त्या हिवाळ्यातला. त्याला कुणी हात लावायचा नाही असा माझा दंडक. आमचा मुख्य प्रोग्रामर इरफान, मूळचा तळा गावचा, आता चौलला राहतो, कमी बोलणारा, हातातलं काम अर्धं न सोडणारा. गेल्या वर्षी तो म्हणाला, "ताई, तो जुना भाग एकदा नव्याने लिहू या का? मला त्याची धास्ती वाटते." मी सगळ्यांसमोर त्याला झापला. म्हणाले, तू शाळेत होतास तेव्हापासून ते चालतंय. तो "ठीक आहे" म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

भोक त्याच तुकड्यात आहे.

दोन दिवस मी एकटीच बुजवते आहे. इथे माती टाकली की तिथून पाणी येतं. काल मनात असंही आलं की बाहेर पडू दे गेम, नंतर गुपचूप दुरुस्त करू, विचारलं तर म्हणू, आम्ही पाहिलं तेव्हा झालेलंच होतं. वाक्य तयारच होतं. दहा वर्षं जपून ठेवलेलं, सफाईदार. ते तोंडात आलं आणि मला माझीच भीती वाटली.

बारा वाजून दहा मिनिटं. वाडीपलीकडे समुद्राचा आवाज भरत चाललाय. आमच्या सगळ्यांच्या गटावर मी आत्ता लिहिलं: "गेममध्ये भोक आहे. खेळणाऱ्याचं सगळं पुसलं जातं. भाग माझा आहे. इरफान मागच्या वर्षी म्हणाला होता ते बरोबर होतं, मी चुकले. मला एकटीला बुजवता येत नाही. मी स्टुडिओत आहे."

पाठवलं. टिक वाजलं. एकेकाने वाचल्याच्या निळ्या खुणा उमटत गेल्या. चौदाही जणांनी वाचलं.

कुणाचंच उत्तर नाही.

पाच मिनिटं झाली. इरफानने सगळ्यात आधी वाचलं होतं. त्याच्या नावापुढे काही लिहितोय असंही दिसत नाही. सुट्टीचा दिवस, आधी झापलेलं, वर हे. का येतील? फोन उचलून कुणाला तरी लावावा, खाली जावं, मालकांच्या वाडीत दोन चकरा माराव्यात, काहीतरी करावं. पाय खुर्चीखालून सुटायला बघतोय. मी टाच फरशीवर दाबून धरली आहे. टाच बर्फ झाली आहे.

बारा मिनिटं. पंधरा. चौलहून इथे यायला मोटारसायकलवर साधारण एवढाच वेळ लागतो, हे मला आत्ता सुचतंय आणि त्याने धीर येण्याऐवजी भीती आणखी वाढते आहे.

फोन अजून गप्प आहे. खाली तिसरी पायरी ओरडली.